पाइपलाइनचा नकाशा कोणाच्या डोक्यात? गावच्या पाणी योजनेत ‘डिजिटल’ पद्धत कशी रुजवायची, समजून घ्या

गावात पाइप फुटला की पहिला फोन पाणी सोडणाऱ्या माणसाला जातो. कोणता वॉल बंद करायचा, लाइन रस्त्याच्या कोणत्या अंगाने गेली आहे, तिथं किती खोल खणावं लागेल, हे सगळं त्यालाच पाठ असतं. तो आजारी पडला, काम सोडून गेला किंवा निवृत्त झाला, की ग्रामपंचायतीच्या हाती उरतो फक्त अंदाज. मग ‘इथं खणून बघा, तिथं खणून बघा’ सुरू होतं. जेसीबीचं भाडं चढतं, चांगला रस्ता उखडतो आणि खालच्या आळीला दोन-तीन दिवस पाणी येत नाही.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली. त्यानंतर गावोगावी नव्या पाइपलाइन पडल्या, टाक्या उभ्या राहिल्या. एवढी मोठी मालमत्ता जमिनीखाली गेली, पण ती नेमकी कुठं आहे, याची नीट नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतेच असं नाही. ‘डिजिटल इंजिनिअरिंग’ हा शब्द मोठा वाटतो, पण त्याचं काम हेच आहे. आणि ते मोबाइलमध्ये एखादं अॅप टाकून होत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीची काम करण्याची सवय बदलावी लागते. ती कशी बदलायची, ते पाहू.

डिजिटल इंजिनिअरिंग म्हणजे नेमकं काय?

कागदी नकाशाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला म्हणजे डिजिटल झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तो कागदच राहतो, फक्त मोबाइलमध्ये जातो.

डिजिटल इंजिनिअरिंगमध्ये एखाद्या कामाची आखणी, मोजमाप, साहित्य, खर्च आणि पुढची दुरुस्ती हे सगळं एकाच नोंदीत जोडलेलं असतं. अभियंता, ठेकेदार, कर्मचारी आणि पदाधिकारी सगळे तीच नोंद पाहतात. जागेवर बदल झाला की नोंदीतही बदल होतो. म्हणजे नकाशा एकदा काढून कपाटात ठेवायचा नसतो. योजना जशी बदलेल तसा तो बदलत राहतो.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्यायचं तर नागपूर मेट्रोचं घेता येईल. महामेट्रोने तिथे ‘५-डी बिम’ ही पद्धत वापरली. बांधकामाचं लांबी, रुंदी आणि उंची असलेलं चित्र संगणकावर तयार करायचं, त्याला वेळापत्रक जोडायचं आणि खर्चही जोडायचा. त्यामुळे कोणतं काम कुठपर्यंत आलं आणि त्यावर किती पैसा गेला, हे एकाच ठिकाणी दिसतं.

ग्रामपंचायतीला एवढी मोठी यंत्रणा लागत नाही. पण त्यामागचा विचार तोच आहे: एक योजना, एक नोंद आणि सगळ्यांनी तिच्यावरूनच काम करायचं.

मोठ्या संस्थांनाही माणसांचीच अडचण

‘आपली माणसं जुन्या वळणाची, त्यांना हे जमणार नाही,’ असं गावात सहज म्हटलं जातं. पण ही अडचण काही गावापुरती नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जून २०१८ मध्ये डिजिटल इंजिनिअरिंगचं धोरण जाहीर केलं. विमानं, जहाजं, क्षेपणास्त्रं यांची कामं कागदावरून संगणकी नमुन्यांवर नेण्यासाठी त्यात पाच उद्दिष्टं ठरवली गेली. त्यातलं एक उद्दिष्ट म्हणजे सगळ्यांना विश्वासाने वापरता येईल अशी एकच खरी नोंद ठेवणं. आणि शेवटचं उद्दिष्ट संस्थेची कामाची संस्कृती आणि माणसं यांच्यात बदल घडवण्याचं आहे.

पैसा आणि तंत्रज्ञान दोन्ही हाताशी असलेल्या संस्थेलाही माणसांच्या सवयीचा प्रश्न धोरणात वेगळा लिहावा लागला. मग ग्रामपंचायतीत नुसतं अॅप आलं आणि ते पडून राहिलं, यात नवल नाही.

गावाला काय फरक पडतो? साधा हिशोब

जल जीवन मिशनचं मोजमाप माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं आहे. २,००० लोकवस्तीच्या गावाला त्या हिशोबाने रोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागतं.

आता समजा, एका जोडातून मिनिटाला १० लिटर पाणी गळतंय. दिसायला ती बारीक धार असते. पण लाइनमध्ये दिवसभर पाणी असेल, तर २४ तासांत १४,४०० लिटर वाया जातं. म्हणजे जवळपास २६० माणसांचं एका दिवसाचं पाणी.

ही तूट भरून काढायला पंप जास्त चालवावा लागतो. साडेसात एचपीचा पंप रोज दोन तास जादा चालला, तर महिन्याला साधारण ३३५ युनिट वीज जादा लागते. हे बिल ग्रामपंचायतच भरते, म्हणजे शेवटी पाणीपट्टीतूनच जातं. गळती कुठं आहे आणि कोणता वॉल बंद करायचा, हे अर्ध्या तासात कळणं आणि तीन दिवसांनी कळणं, यातला फरक इथं दिसतो.

सुरुवात कुठून करायची? एकच प्रश्न निवडा

बहुतेक ठिकाणी गाडी इथंच अडते. पाणीपट्टी, घरपट्टी, दाखले, पाइपलाइन, मीटर असं सगळं एकदम डिजिटल करायला घेतलं जातं. दोन महिन्यांत उत्साह संपतो आणि जुनी वही परत बाहेर येते.

त्यामुळे आधी एकच प्रश्न घ्यावा. पाणी योजनेसाठी तो असा असू शकतो: ‘पाइप फुटला तर पाणी सोडणाऱ्या माणसाला न विचारता बरोबर वॉल सापडला पाहिजे.’ हा प्रश्न सुटला की गावाला फायदा डोळ्यांनी दिसतो आणि पुढच्या कामाला लोक स्वतःहून तयार होतात.

कामाची वाटणीही पहिल्याच दिवशी ठरावी. सरपंचाने हे काम ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत मांडावं. ग्रामसेवकाने नोंदीची जबाबदारी घ्यावी. माहिती भरायला संगणक परिचालक किंवा गावातला एखादा शिकलेला तरुण, तरुणी मदत करू शकते. पण जबाबदार माणूस एकच हवा. ‘सगळ्यांनी मिळून करू’ म्हटलं की कोणीच करत नाही.

नोंद अशी करा

महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी सुरुवात होते. एक स्मार्टफोन, लांब टेप, रंगाचा डबा आणि गुगल शीटसारखा मोफत तक्ता पुरतो.

१. आधी विहीर किंवा बोअर, पंपघर, टाकी आणि प्रत्येक वॉलला नंबर द्या. तोच नंबर चेंबरच्या झाकणावर किंवा जवळच्या भिंतीवर रंगाने लिहा.

२. प्रत्येक ठिकाणाचे दोन फोटो काढा. एक जवळून आणि दुसरा लांबून. लांबच्या फोटोत घर, खांब, पार अशी ओळखीची खूण दिसली पाहिजे.

३. मोबाइलवरून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश घ्या. मात्र फक्त त्यावर विसंबू नका. साध्या मोबाइलचं जीपीएस उघड्या आभाळाखालीही काही मीटर इकडंतिकडं दाखवू शकतं. भिंती आणि झाडांजवळ चूक आणखी वाढते. पाच मीटरची चूक म्हणजे वॉल रस्त्याच्या या बाजूला की त्या, हेच कळत नाही.

४. म्हणून टेप लागते. न हलणाऱ्या दोन खुणांपासून, म्हणजे शाळेच्या भिंतीचा कोपरा, देवळाची पायरी, विजेचा खांब यांपासून अंतर मोजून लिहा. वॉल त्या खुणांच्या कोणत्या बाजूला आहे तेही लिहा. तिसऱ्या खुणेपासून अंतर घेतलं तर उत्तमच. पुढे चेंबर मातीखाली किंवा डांबराखाली गेला तरी या मापांवरून जागा सापडते.

५. पाइप कशाचा आहे, किती इंची किंवा किती मिलिमीटर आहे, किती खोल आहे, वॉल कोणत्या दिशेने फिरतो, पूर्ण बंद व्हायला किती फेऱ्या लागतात आणि तो बंद केला की कोणत्या गल्लीचं पाणी थांबतं, हे लिहा. फेऱ्यांची नोंद किरकोळ वाटेल. पण नव्या माणसाने जोर लावून वॉल मोडण्यापेक्षा ती बरी.

६. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, जागा, फोटो, वापरलेलं सामान आणि खर्च त्याच नंबरसमोर टाका.

रेंज नसेल तर अडून बसू नका. जागेवर फोटो आणि मापं घ्यावीत आणि ग्रामपंचायतीत येऊन त्याच दिवशी तक्त्यात भरावीत.

पाणी सोडणाऱ्या माणसाला आधी सोबत घ्या

ही सगळी माहिती ज्याच्या डोक्यात आहे, त्याच्याशिवाय पहिलं पाऊलही पडत नाही. आणि बदलाची सर्वांत जास्त भीतीही त्यालाच असते. ‘सगळं मोबाइलमध्ये भरून घेतलं की मला काढून टाकतील,’ हे तो तोंडाने बोलत नाही. पण मग वॉल दाखवताना एखादा राहून जातो, विचारलं की ‘आत्ता आठवत नाही’ असं उत्तर मिळतं. यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. तुटपुंज्या मानधनावर पहाटे पाणी सोडणाऱ्या माणसाकडे ही माहिती हाच एक आधार असतो.

म्हणून समितीने त्याच्याशी आधी स्पष्ट बोलावं. ‘भाऊ, तुमचं काम जाणार नाही. उलट रात्री-अपरात्री येणारे फोन कमी होतील, तुम्हाला सुट्टी घेता येईल,’ हे सांगावं आणि तसं वागावंही. नोंद करताना त्याला नुसतं दाखवायला न फिरवता टेपचं एक टोक त्याच्या हातात द्यावं. तक्त्यात माहिती देणारा म्हणून त्याचं नाव लिहावं. या कामाच्या दिवसांची मजुरी वेगळी द्यावी.

त्याला टाइप करता येत नसेल तर जबरदस्ती नको. तो फोटो काढून आणि बोलून पाठवेल, भरणारा भरेल. जागेवरच्या माणसाला जी पद्धत जड जाते, ती टिकत नाही.

समितीतल्या महिलांनाही यात बरोबर घ्यावं. जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार समितीत निम्म्या महिला असाव्यात, आणि पाणी तपासणीसाठी गावातल्या पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. कोणत्या नळाला किती वाजता आणि किती दाबाने पाणी येतं, हे घरातल्या बायकांइतकं नेमकं कोणालाच माहीत नसतं. ती माहिती नोंदीत आली की गळती कुठं असेल याचा अंदाज लवकर बांधता येतो.

वही आणि मोबाइल, दोन्ही कुठपर्यंत?

नवी पद्धत आली की काही दिवस वही आणि तक्ता दोन्ही चालतात. ते योग्यच आहे, कारण चुका सापडतात. पण त्याची मुदत ठरली पाहिजे, उदाहरणार्थ तीन महिने. मुदत नसेल तर कर्मचाऱ्याला दुप्पट काम पडतं आणि मग तो जे सवयीचं आहे तेच करतो.

त्याहून मोठी परीक्षा मासिक बैठकीत असते. दुरुस्तीचं बिल आलं की पदाधिकाऱ्यांनी विचारायचं, ‘तक्त्यात कोणत्या नंबरसमोर आहे? फोटो कुठंय?’ नोंद नसेल तर आधी नोंद, मग बिल. हा नियम दोन-तीन महिने पाळला की सवय लागते. वरची माणसं नोंद उघडून बघतच नसतील, तर खालच्या माणसाने ती का भरावी?

असा तक्ता वर्षभर चालला की तोच बोलायला लागतो. एकाच नंबरच्या वॉलजवळ चार वेळा फुटलं असेल, तर पाचव्यांदा जोड मारण्यापेक्षा तेवढा तुकडा बदलणं स्वस्त पडेल, हे पुराव्यासह मांडता येतं. विकास आराखड्यात पैसे मागतानाही ‘आमची लाइन खराब आहे’ यापेक्षा तारखा आणि फोटो जास्त कामाला येतात.

पासवर्ड ग्रामपंचायतीचाच हवा

अनेक ठिकाणी नोंद होते, पण एखाद्याच्या खासगी मोबाइलवर, खासगी ईमेलवर. तो माणूस बदलून गेला की नोंदही जाते. म्हणजे आधी डोक्यात अडकलेली माहिती आता मोबाइलमध्ये अडकते.

ग्रामपंचायतीच्या नावाचा ईमेल असावा. त्याचा पासवर्ड ग्रामसेवक आणि सरपंच दोघांकडे असावा आणि कारभार बदलताना तो दप्तराबरोबर लेखी सोपवावा. नोंद पाहायला समितीतल्या सर्वांना मिळावी, पण बदल करण्याचा अधिकार दोन-तीन जणांनाच असावा. दर तीन महिन्यांनी एक छापील प्रत काढून दप्तरी लावावी. एखादी कंपनी सेन्सर किंवा सॉफ्टवेअर देत असेल तर पहिला प्रश्न विचारावा: ‘करार संपल्यावर आमची माहिती आम्हाला उघडता येईल अशा फाइलमध्ये मिळणार का?’ उत्तर लेखी घ्यावं.

ठेकेदाराकडून काय घ्यायचं?

योजना ताब्यात घेताना ग्रामपंचायतीने प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा मागावा. अंदाजपत्रकातला नकाशा वेगळा आणि जागेवरचं काम वेगळं असू शकतं. खडक लागला, कोणी अडवलं, रस्ता बदलला की लाइन वळते. तो बदल नकाशात आला नाही, तर पुढची वीस वर्षं गाव चुकीच्या जागी खणत बसतं.

काम झाल्यावर ठरावीक काळ दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी ठेकेदाराची असते. त्याला दोषदायित्व कालावधी म्हणतात. तो कधी संपतो, ही तारीख तक्त्याच्या पहिल्याच ओळीत असावी. त्या काळात लाइन फुटली आणि तारखेसह फोटो असेल, तर पत्र देऊन दुरुस्ती मागता येते. नोंद नसेल तर तोच खर्च गावाच्या खात्यातून जातो.

नकाशा किंवा मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळत नसेल, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली कोणताही नागरिक १० रुपये शुल्क भरून अर्ज करू शकतो. माहिती देण्याची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे.

खोदकामाआधी विचारा

केबल टाकणारे, रस्ता करणारे येतात आणि पाण्याची लाइन तोडून जातात, ही सगळीकडची तक्रार. यासाठी केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू केलं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं आणि जमिनीखाली ज्यांच्या लाइन आहेत त्यांनी सावध करायचं, असा त्यामागचा विचार आहे. पण आपली लाइन कुठून गेली आहे हे ग्रामपंचायतीलाच माहीत नसेल, तर कोणतंही अॅप काय सांगणार? नोंद तयार असेल, तर खोदकामाची परवानगी देतानाच ‘इथून इथपर्यंत हाताने खणा’ अशी अट लेखी घालता येते.

पुढच्या ग्रामसभेत हे विचारा

गावकऱ्यांनी मागणी केली तर हे काम लवकर सुरू होतं. पुढच्या ग्रामसभेत हे प्रश्न विचारता येतील:

• आपल्या योजनेत एकूण किती वॉल आहेत आणि त्यांची यादी कुठे आहे?
• प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा ठेकेदाराकडून मिळाला का?
• दोषदायित्व कालावधी कोणत्या तारखेला संपतो?
• गेल्या वर्षी कुठे, किती वेळा फुटलं आणि किती खर्च झाला?
• ही नोंद कोण ठेवतं, आणि तो माणूस बदलला तर ती कोणाकडे जाईल?
• पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जोडीला दुसरा कोणी तयार केला आहे का?

उत्तरं मिळाली तर चांगलंच. नाही मिळाली, तर त्याच सभेत वॉलची यादी करण्याचा ठराव घ्या, जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख त्यात लिहायला लावा. पन्नास-साठ वॉलचं गाव असेल तर दोन-तीन माणसं आठवड्याभरात टेप घेऊन सगळं मोजू शकतात. उन्हाळ्यात टँकर मागवायची वेळ येण्याआधी एवढं काम उरकून घेणं प्रत्येक ग्रामपंचायतीच्या हातात आहे.